आपाच्या कच्च्या वह्या

झुलेखाआपाच्या ओटीवर वाक्य जमलं की नाही हे ठरवायची एकच रीत होती. बायकांचे हात थांबले की वाक्य जमलं.

दुपारची जेवणं आटोपली की तुडीलच्या मोहल्ल्यातल्या पाचसात बायका तिथे येऊन बसायच्या. पुढ्यात भिजवून मोड आणलेले वाल. दाणा उचलायचा, चिमटीत दाबायचा, साल एकीकडे, डाळिंबी ताटलीत. डोळे मिटूनही व्हावं असं काम. आपा मधोमध बसून कुराणातल्या एखाद्या आयतीचा अर्थ सांगायची. ताटलीत डाळिंब्यांचा टपटप आवाज तसाच चालू राहिला तर ती चष्मा कपाळावर सारून म्हणायची, "नाय बसला. खोड, बाई." आणि ललिता खोडायची.

अर्थ ऐकताना काम करायचं का, असं पहिल्या दिवशी कुणीतरी दबकत विचारलंही होतं. आपा म्हणाली, "पढताना वजू करायचा, डोकीवर पदर घ्यायचा, नीट बसायचा. ते अल्लाचे शब्द. हा अर्थ म्हंजे माझी समजूत. माझी समजूत ऐकायला हात रिकामे कशाला हवेत?"

ललिता गावातल्या मराठी शाळेत शिकवायची. मूळची महाडची, बौद्धवाड्यातली. अठ्ठ्याहत्तर साली तुडीलला नेमणूक झाली तेव्हा खोलीसाठी आठवडाभर वणवण केली. लोक आधी नाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव कळलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आपाने नाव तेवढं विचारलं आणि ओटीला लागून असलेली खोली उघडून दिली. "मांजर येतं, दूध झाकून ठेव," एवढीच अट घातली.

आपाचे वडील मदरशात अरबी शिकवायचे. मुलगा नव्हता, म्हणून सगळी विद्या एकुलत्या मुलीला दिली. लग्नात तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी आली, तिच्यात अरबीचं व्याकरण आणि तफसीरीचे, म्हणजे आयतींचा खुलासा करणारे, तीन जाडजूड उर्दू ग्रंथ. नवरा जहाजावर होता, तो समुद्रातच गेला. मुलगा कुवेतला. घरात आपा, सून सकिना आणि ती पेटी. मोहल्ल्यातल्या तीन पिढ्यांच्या मुली आपाकडे कुराण वाचायला शिकल्या होत्या. अरबी अक्षर अन् अक्षर सगळ्यांच्या ओठांवर. अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तो विचारायचा असतो हेही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

विचारलं ते मरियमखालाने. तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी आफ्रिकेला गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. ना मेल्याची खबर, ना तलाकचा कागद. गुडघे धरले की ती सवच्या उन्हाळ्यांवर, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, जाऊन पाय शेकून यायची, तिथून आलं की आपाच्या ओटीवर टेकायची. एकदा टेकल्या टेकल्या म्हणाली, "आपा, पहाटे फजरच्या नमाजनंतर मी रोज एकच सूरा पढतंय. लगीन झाल्यापासनं. त्यात सांगितलाय तरी काय?"

आपाने पेटीतला ग्रंथ काढला आणि उर्दूतून सांगायला लागली. मरियमखाला दोन मिनिटं ऐकून घेऊन म्हणाली, "ही उर्दू मशिदीतल्या मौलानाला सांग. मला आपल्यात सांग."

आणि आपा अडखळली. आयुष्यभर शिकवणारी बाई, पण आपल्यात कसं सांगायचं ते तिला येईना. त्या दिवशी संध्याकाळी ती ललिताच्या दारात उभी राहिली. "बाई, तू लिहून घेशील? मला मराठी वाचता येतं, लिहिता येत नाय. आमच्या पोरी तुझ्या शाळेत जातात. उद्या मी नसले तर त्यांनी आपल्या आयांना वाचून दाखवावं."

तिला हवं होतं ते एवढंच.

मौलानांच्या कानावर गेलं तसा निरोप आला की अर्थ लिहा, पण वर मूळ अरबी असू द्या, नुसता अर्थ सुटा फिरता कामा नये. आपा म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. मग तशीच वहीची घडी बसली. पानाच्या माथ्यावर आपा वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड रीतसर धुऊन, दौतीत बुडवलेल्या टाकाने आयत लिहायची, खाली ललिता पेन्सिलने अर्थ. वही हातात घेण्याआधी ललिताही हात धुवायची.

"तुला कुनी सांगितला धुवायला?" आपाने विचारलं होतं.

"कुणी नाही. खडू असतो हाताला."

"तसा का. मला वाटला, माझ्याकडे शिकायला आलीस."

तशी ती शिकतच होती. मरियमखालाच्या सूरेला, त्या छोट्याशा अध्यायाला, आठ दिवस लागले. ती सूरा उतरली त्याआधी रसुलांना, म्हणजे पैगंबरांना, बरेच दिवस काहीच संदेश आला नव्हता, लोक टोमणे मारत होते की तुझ्या रब्बाने तुला सोडलं. त्यावर हा दिलासा. आपाने आधी ती पार्श्वभूमी सांगितली. बायका ऐकत होत्या, डाळिंब्या पडत होत्या.

"रब्ब म्हणजे देवच ना?" ललिताने विचारलं. "देव लिहू?"

"नुसता देव नाय गो." आपा अंगणात बघत राहिली. सकिनाचा लहानगा भिंतीला धरून उभा राहायला बघत होता. "रब्ब म्हंजे वाढवनारा. आई पोराला वाढवते ना, आज घोटभर, उद्या घासभर, तसा. एकदम नाय. थोडा थोडा."

"मग वाढवणारा लिहिते."

"थांब. नीट सांगते." आपाने डोळे मिटले. ओठ आधी अरबीत हलले, मग हळूच, कुणाशी तरी घरगुती बोलावं तसं ती म्हणाली, "ज्यानं तुला वाढवला, त्यानं तुला टाकलेला नाय. आनी तो तुझ्यावर रुसलेला पन नाय."

ओटीवर आवाज थांबला. मरियमखालाच्या चिमटीत वालाचा दाणा तसाच होता. तिने तो सोलला नाही, ठेवलाही नाही. मग ती म्हणाली, "हे रसुलांना सांगितला ना? की आमाला पन?"

आपाने तिन्ही ग्रंथ पुन्हा उघडले, दोन दिवस त्यात मान घालून बसली. तिसऱ्या दिवशी मरियमखालाच्या घरी स्वतः जाऊन सांगून आली, "उतरला त्यांच्यासाठी. ठेवला आपल्यासाठी."

ते वाक्यही ललिताने लिहून घेतलं. दोन वर्षांत अशा पाच वह्या झाल्या. खाडाखोड, बाणाने वर नेलेले शब्द, कडेला बायकांचे प्रश्न, एका पानावर वालाच्या पाण्याचा डाग.

मग ललिताने ठरवलं की हे छापून यायला हवं.

"असं मात्र चालणार नाही, आपा. पुस्तकाची भाषा निराळी असते. मी पक्की प्रत करते, शुद्ध मराठीत."

"आता अशुद्ध हाय?"

"तसं नाही हो. पण लोक हसतील."

"कुठले लोक?" मरियमखालाने विचारलं.

"वाचणारे. पुण्यामुंबईचे."

"त्यांना कुनी बोलावलाय? वाल सोलायला येनार हायत का ते?"

बायका हसल्या. ललिता हसली नाही. तिला महाडच्या शाळेतला पहिलीचा वर्ग आठवला. "बाई, माझी पाटी हितं हाय," असं ती म्हणाली होती, आणि सगळा वर्ग छातीवर हात मारून हाय, हाय करायला लागला होता. बाईसुद्धा पदराआड हसल्या होत्या. त्या दिवसापासून वडिलांनी तिच्याकडून रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचून घेतला. घरात तोंडातून हाय निघालं की पट्टी टेबलावर आपटायची. पट्टी तिला कधी लागली नाही, पण आवाज अजून कानात होता. आपली भाषा ऐकून कुणाला हसायची सोय ठेवायची नाही, हे वडिलांनी तिला दिलं होतं, आणि तेच ती आपाला देऊ बघत होती. आपल्या परीने मायाच ती.

आपा तिच्या तोंडाकडे बघत होती. "तुला हसले होते कुनी?" तिने विचारलं.

ललिता वहीची पानं सारखी करत राहिली.

"लिही," आपा म्हणाली. "तुला बरा वाटेल तसा लिही."

त्या वेळी ललिताला वाटलं, आपाला पटलं. ती समजूत पुढे दोन वर्षं टिकली.

पक्की प्रत तिने जिवापाड केली. रूळ मारलेल्या जाड वह्या, निळी शाई, प्रत्येक पानावर अरबीसाठी सहा ओळी कोऱ्या. खाली वळणदार अक्षरात तिचं मराठी. "तुझ्या प्रभूने तुझा त्याग केलेला नाही, आणि तो तुझ्यावर अप्रसन्नही झालेला नाही." लिहून झाल्यावर तिने ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला. असं वाक्य वडिलांनासुद्धा खोडता आलं नसतं.

पहिलं पक्कं पान तिने ओटीवर वाचून दाखवलं तेव्हा डाळिंब्या टपटप पडत राहिल्या. ललिताच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. बायकांनी हे आधी ऐकलंय, म्हणून हात थांबत नाहीत, अशी तिने मनाची समजूत घातली. मरियमखाला म्हणाली, "झ्याक वाचतेस. तलाठ्याचा कागद वाचल्यावानी." आपाने तिला डोळ्यांनी दटावलं.

"छान झालंय," आपा म्हणाली. ललिताशी बोलताना ती पहिल्यांदाच पुस्तकातलं बोलली.

त्यानंतर आपा ओटीवर कधी "खोड" म्हणाली नाही.

ऐंशी साली ललिताला दिवस गेले. नवरा महिपत पोलादपूरच्या पंचायत समितीत कारकून, आठवड्यातून एकदा यायचा. तिने बदली मागून घेतली. निघताना पक्क्या वह्या तिने बरोबर घेतल्या, शेवटचा भाग उतरवायचा बाकी होता. उताऱ्यासाठी आपाने शेवटची कच्ची वही दिली, ती महिन्याभरात एस.टी.च्या कंडक्टरबरोबर परतही गेली. ठरलं असं की पक्की पुरी झाली की ललिता ती घेऊन तुडीलला येईल, चार दिवस राहील, आणि आपा कोऱ्या ओळींत अरबी लिहील.

पक्की पुरी झाली. मग सुजाता झाली.

मूल झालं की वेळ कुठे जातो हे ज्याला मूल नाही त्याला सांगून कळत नाही. शाळेतून येऊन पोरीला पाजायचं, तिच्या दुपट्यांचा ढीग धुवायचा, ती झोपली की भाकऱ्या, भाकऱ्या होतात तोवर ती उठते. पक्क्या वह्या भिंतीतल्या फळीवर नव्या कापडात बांधलेल्या. ललिता येताजाता त्यांच्याकडे बघायची. पोरीला मांडीवर घेऊन वरणाचं पाणी चमच्याने भरवताना तिला कधीकधी आठवायचं, आज घोटभर, उद्या घासभर. आपण तिथे प्रभू लिहिलं, हेही आठवायचं. पण पोरगी तोंडातलं पाणी फुर्रकन उडवायची, आणि पदर पुसता पुसता ते राहून जायचं.

आपाचा पहिला निरोप आला की वह्या घेऊन ये, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, दिसतंय तोवर लिहिते. त्या आठवड्यात सुजाताला गोवर होता. दुसरा निरोप आला तेव्हा शाळेत तपासणी होती. तिसऱ्या निरोपाच्या वेळी कारण काहीच नव्हतं. फक्त पाऊस होता आणि कंटाळा होता, पोरीला काखेत घेऊन दोन गाड्या बदलायचा. त्या तिसऱ्या वेळेचंच ललिताला पुढे सगळ्यात जास्त वाटत राहिलं.

ब्याऐंशीच्या भाद्रपदात सकिना स्वतः आली. महाडला डॉक्टरकडे काम होतं, तिथून पुढची गाडी धरून पोलादपूरला. सुजाताला कडेवर घेतलेल्या ललिताने तिला चहा दिला.

"आपाचं खाणं तुटलंय," सकिना म्हणाली. "पोटात ठरत नाय काय. दिसत पन नाय फारसा. पन बाई, वेगळ्याच कामाला धाडलाय मला. पेटीत वाळवी शिरलीय. दोन कच्च्या वह्यांच्या कडा खाल्ल्या. त्यात अरबी हाय, चुरा होऊन पायाखाली येतो की काय, म्हनून त्यांना झोप नाय. विचारलंय, बाईंना कच्च्या लागतात का? लागत असल्या तर आनून देते. नायतर थंड करू."

थंड करणं म्हणजे काय हे ललिताला तुडीलला असताना कळलं होतं. ज्या कागदावर कुराणातलं अक्षर आहे तो फाटला, जुना झाला तरी रद्दीत जात नाही, चुलीत जात नाही. पांढऱ्या कापडात बांधून, दगड घालून, वाहत्या पाण्यात खोल सोडतात. माणसाच्या मयतासारखीच अदब.

ललिताने खोलीवरून नजर फिरवली. दोन खोल्या. पोरगी हाताला येईल ते तोंडात घालायची. अरबी असलेल्या पाच वह्या उंचावर ठेवायला त्या एका फळीशिवाय जागा नाही, आणि फळीवर पक्क्या. शिवाय मास्तरणीची सवय. पक्कं झालं की कच्चं फाडायचं, मुलांनाही ती हेच सांगायची.

"पक्की प्रत आहे की माझ्याकडे," ती म्हणाली. "कच्च्या आता कशाला?"

सकिना कपातला चहा फिरवत राहिली. "असंच सांगू?"

"सांगा. आणि सांगा, दिवाळीच्या सुट्टीत पक्क्या घेऊन येतेच. नक्की."

दारापर्यंत गेलेली सकिना वळली. "नाय, त्या दोनदा म्हनाल्या होत्या, नीट विचार म्हनून. म्हनून विचारला." सुजाता तेवढ्यात खाटेवरून खाली डोकावत होती, ललिता तिकडे धावली. वळून बघितलं तर सकिना रस्त्याला लागली होती.

दिवाळीआधी तीन आठवडे आपा गेली. कळवणारं कार्ड ललिताला पाच दिवसांनी मिळालं.

ती चाळिसाव्या दिवसाला तुडीलला गेली. पोरीला महिपतजवळ ठेवलं, पक्क्या वह्या पिशवीत घातल्या. सकाळी पठण झालं, दुपारी माणसं जेवून गेली. मग मोहल्ल्यातल्या त्याच बायका ओटीवर येऊन बसल्या आणि सकिनाने उद्यासाठी भिजवलेले वाल मधे आणून ठेवले. आपाची जागा सगळ्यांनी न ठरवता रिकामी ठेवली होती.

मरियमखाला आता भिंतीला टेकून बसली होती. "आनलीस का?" तिने विचारलं. "वाच. माझी वाच."

ललिताने हात धुतले, कापड सोडलं, पान काढलं. वर सहा कोऱ्या ओळी. खाली निळी शाई. ती वाचू लागली. वाचनाची तिला सवय होती. त्याग केलेला नाही, अप्रसन्नही झालेला नाही. डाळिंब्या टपटप पडत होत्या. तिने पुढची आयत वाचली, तिच्या पुढची. मधे एकदा वर बघितलं. सगळ्या माना खाली, सगळे हात चालू. कुणी कंटाळलेलं नव्हतं. पाहुणीचा मान राखून ऐकावं तसं सगळ्या ऐकत होत्या.

सूरा संपली.

"आता माझी वाच," मरियमखाला म्हणाली.

"हीच की, खाला. हीच तुमची."

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. "नाय गो बाय. ही ती नाय."

ललिताच्या हातातलं पान आपोआप खाली आलं. तिने सकिनाकडे बघितलं. "सकिना, त्या कच्च्या वह्या जरा आणता?"

सकिनाला आधी कळलंच नाही. मग ती हलकेच म्हणाली, "थंड केल्या ना बाई. तुमी सांगितलात तसा."

"सगळ्या?"

"पाची. आपाच्या डोळ्यांदेखत. खाडीवर होडीत बसवत नव्हतं, तरी आल्या. पांढरं कापड त्यांच्या निकाहच्या चादरीतलं घेतलं. गाठ त्यांनीच मारली. भरती उतरायला लागली तशी मधल्या धारेला सोडल्या." सकिनाने एक दाणा उचलला, पुन्हा ठेवला. "परत आलो. उतरताना म्हनाल्या, बाईंच्या वहीत हाय सगळा. आपन कशाला काळजी करायची."

दुसऱ्या कुठल्या घरी असत्या तर त्या वह्या रद्दीत गेल्या असत्या, एखाद्या दुकानात पुडीच्या रूपाने का होईना चार पानं हाताला लागली असती. इथे त्या इतक्या मानाने गेल्या होत्या की मागे तुकडाही राहिला नव्हता.

ललिता मरियमखालाकडे वळली. "खाला, तुम्हाला आठवतं? आपा कसं म्हणायच्या?"

"माझा तेवढा आठवतो." मरियमखालाने डोळे मिटले. "ज्यानं तुला वाढवला, त्यानं तुला टाकलेला नाय. आनी तो तुझ्यावर रुसलेला पन नाय."

हात थांबले. सगळ्यांचे. इतकी शांतता झाली की परसातली कोंबडी पाचोळा उकरत होती ते ऐकू आलं.

"आणि पुढचं?"

"पुढचा नाय आठवत. मी तितंच राहायचे."

ललिताने एकेकीला विचारलं. सकिनाला आईबापांबद्दलचं एक वाक्य आठवत होतं, कडेच्या बाईला वजनमापाचं अर्धं, एकीला फक्त एवढंच की आपा एका आयतीला रडली होती, कुठल्या ते नाही. जिचं जे दुखणं होतं तिने ते उचलून नेलं होतं. बाकीचं वहीत आहे म्हणून कुणी लक्षात ठेवलं नव्हतं.

ललिताने पिशवीतून पेन्सिल काढली आणि मरियमखालाचं वाक्य लिहायला पक्क्या वहीतल्या कोऱ्या ओळींवर टेकवली.

"तितं नको," म्हातारी म्हणाली. रागाने नाही. "ती जागा आपाची हाय."

पेन्सिल मागे आली. तिने ते वाक्य पुठ्ठ्याच्या आत लिहिलं. त्याखाली सकिनाचं. त्याखाली ते अर्धं. पुठ्ठा अर्धाही भरला नाही.

पोलादपूरला आल्यावर तिने एक साधी वही घेतली. दुपारी सुजाता झोपली की तासभर मिळायचा, कधी तेवढाही नाही. पक्क्यातलं एक वाक्य समोर ठेवायचं आणि आपा ते कसं म्हणाली असेल ते आठवायचा प्रयत्न करायचा. अरबी तिला येत नव्हती. स्वतःच्याच शुद्ध मराठीतून मागे वाट काढत जायचं, जिथून ती स्वतः निघाली होती तिथे. हितं हाय म्हणणारी पाटीवाली पोरगी अजून आत कुठेतरी असेल असं तिला वाटलं होतं. ती सापडत नव्हती. नाय, हाय कागदावर यायचं, पण ओळ नाटकातल्या गावंढळ पात्रासारखी व्हायची.

शेजारची ठमाबाई त्या वेळी तांदूळ निवडायला उंबऱ्यात येऊन बसायची. उमरठकडच्या वाडीवरची, लेकाकडे राहायला आलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणूनच ललिता तिला वाचून दाखवायची.

त्या दुपारीही तिने एक ओळ तिसऱ्यांदा लिहिली आणि हळू आवाजात, पोरगी उठू नये अशी, वाचली. मग ती ठमाबाईच्या हातांकडे बघत बसली. सुपातून खडा उचलला जात होता, बाहेर टाकला जात होता.

"थांबलीस का गो?" ठमाबाई मान वर न करता म्हणाली. "वाच की. ऐकतंय मी."

ललिताने ती ओळ खोडली.